झाडांचं पाणी

४ फेब्रुवारी १९७३, रविवार

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वही लिहिणं सुटलं होतं. आज पुन्हा उघडली, ती झाडांसाठी.

जकात नाक्यापासून विणकरांच्या वसाहतीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वृक्षमंडळाची एकशे चाळीस झाडं आहेत. निंब, करंज, शिरीष. एकाहत्तरच्या पावसाळ्यात मी स्वतः दोरी धरून खड्डे आखले. तेव्हा रोपं माझ्या गुडघ्याला लागत होती, आता काही डोक्यावर गेलीत. पण गेल्या साली पाऊस झालाच नाही. परवा मंडळाच्या विहिरीनं तळ दाखवला. पोहऱ्यात चिखल आला. येडू गाडीवान धनगर आहे, सांगोल्याकडचा, दुष्काळ त्याला नवा नाही. त्यानं पाण्याची गाडी उभी केली आणि विचारलं, "मास्तर, बैल सोडू का?" मी पोहरा पुन्हा सोडून पाहिला.

घरी मथुरा म्हणते, माणसं पाण्यावाचून चाललीत आणि तुम्ही झाडांचं काय घेऊन बसलात. तिचं चूक नाही. पण तीस वर्षं मी दरसाल एक वर्ग पुढं पाठवून हात झाडत आलो. ही झाडं पुढच्या वर्गात जाणार नाहीत. ती इथंच उभी राहायची आहेत.

९ फेब्रुवारी

मार्ग निघाला. मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव यांचा सुताला रंग देण्याचा कारखाना याच रस्त्यावर आहे. त्याच्या मागं त्यांची जुनी विहीर आहे, ती त्यांनी झाडांसाठी दिली. आज पाहून आलो. भर दुष्काळात काठापासून चार हातांवर पाणी. येडूनं दिवसभर उपसलं, तरी संध्याकाळी रेघ जागच्या जागी. शेजारीच कारखान्याच्या सांडपाण्याचा मोठा खड्डा आहे. तिथला माणूस म्हणाला की वर्षानुवर्षं त्यात पाणी सोडतोय, पण खड्डा कधी भरत नाही, जमीन सगळं पिऊन टाकते. असल्या जमिनीत पाण्याचे झरे असायचेच.

हिंदुरावांचं मन मोठं. स्वतःची भरलेली विहीर असून कारखान्याला ते तिचा थेंब वापरत नाहीत, तलावाच्या नळाचं पाणी घेतात. एकच अट घातली, आणि ती सभेच्या इतिवृत्तात लिहूनही घेतली: हे पाणी फक्त झाडांसाठी. हे मात्र मला थोडं कोतं वाटलं.

१० फेब्रुवारी

येडूचे बैल त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. हुंगतात आणि मान वळवतात. "पान्याला रंग हाय मास्तर," येडू म्हणाला. ओंजळीत घेऊन बघितलं, ताकाच्या निवळीइतपत पिवळसर आहे. खोल झऱ्याचं पाणी जड असतंच. जनावर नव्या पाण्याला बुजतं.

१८ फेब्रुवारी

आज एक चांगलं काम हातून झालं.

वसाहतीच्या टोकाला गाडी थांबली की हल्ली बायका घागरी घेऊन उभ्या असतात. मागत नाहीत, नुसत्या बघतात. पिंपाच्या तोटीतून आळ्यात पाणी पडताना इतक्या माणसांनी बघत राहावं, हे बरं वाटत नव्हतं. आज गुरम्मा पुढं आली. मागावर कांड्या भरते ती. नवरा नाही, घरी म्हातारी सासू.

"मास्तर, झाडांला पोटभर देता की. आमाला एक घागर द्या."

मी म्हणालो, हे झाडांचं पाणी आहे.

ती म्हणाली, "आमी काय झाडापरीस कमी हाय का?"

येडूला तोटी सोडायला सांगितलं. येडू जागचा हलला नाही. म्हणाला, "अध्यक्षांनी न्हाय म्हनलंय की." मी म्हणालो, अध्यक्षांना मी बघून घेईन. मग मीच तोटी सोडली. तेवीस घागरी भरल्या. गुरम्मानं पाया पडायला वाकून मला लाजवलं. घरी जाताना एक घागर मथुरेसाठीही नेली, आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं.

हिंदुरावांना काही सांगितलं नाही. चांगल्या कामाला परवानगी मागत बसलं की ते होत नाही.

२ मार्च

सगळी झाडं तरारली आहेत. रस्त्यानं जाताना लोक थांबून विचारतात. गुरम्माची सासू नागव्वा दारात बसून मला हात जोडते.

गालबोट एवढंच की सिद्धारामशी वाजलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं आणि बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान आहे, रस्त्याच्या मध्यावर. दुकानापुढचा निंब त्याला अडचणीचा होतो, गिऱ्हाइकांच्या सायकली लावायला जागा उरत नाही. म्हणाला, "मास्तर, तेवढं एक झाड हलवा." मी म्हणालो, झाड म्हणजे बाकडं नव्हे. तो तडकला. "मग वाळलं तर मला बोल लावू नका." चार माणसांसमोर म्हणाला. मी येडूला सांगून टाकलं की त्या झाडाला पाणी घालू नकोस, ज्याच्या दारात आहे त्यानं सांभाळावं. रागात बोललो, पण शब्द मागं घेतला नाही.

दुपारी घोळणा फुटला, नाकातून बरंच रक्त गेलं. ऊन वाढलंय.

१७ मार्च

शिरीषाची पानं कडांनी करपली आहेत. उन्हानं पान करपतं ते आधी मलूल होऊन. हे तसं नाही. पान ताठ असतं, आणि कड विस्तवानं चाटल्यासारखी तपकिरी. आळ्यात माती ओली आहे. वाळवी नाही, कीड नाही. पाण्याच्या फेऱ्या एकाच्या दोन केल्या.

मथुरा म्हणते, भाताला पिवळी झाक येते. मी म्हणालो, हळदीचा हात लागला असेल. तिनं घागर मोरीत नेऊन ठेवली, आणि आता प्यायला नळाचंच वापरते. मला त्या पाण्याची चव उलट बरी लागते, जरा लोखंडासारखी.

२३ मार्च

फेऱ्या वाढवूनही उतार नाही, उलट जास्तच. एकोणीस झाडं गेली. सिद्धारामच्या दुकानाच्या दोन्ही बाजूंची आधी.

आज त्याच्या दुकानात डोकावलो. कोपऱ्यात काचेच्या दोन बुधल्या. विचारलं, काय आहे. "बॅटरीचं ॲसिड. अजून काय असनार?" हसत म्हणाला. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ॲसिड. कडा जळाल्यासारख्या.

२६ मार्च

हिंदुरावांना सांगितलं. इतक्या गंभीरपणे माझं म्हणणं आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, "मास्तर, तुमची खात्री आहे ना? ॲसिडच?" मी हो म्हटल्यावर त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. म्हणाले, लिहून द्या, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं, मी पुढं पाठवतो. दीड पान लिहिलं. चार माणसांसमोरचं त्याचं वाक्यही घातलं. अक्षर मनासारखं आलं नाही. बोटांना भेगा पडल्यात, खोडांना चुना लावतो त्यानं असेल.

१ एप्रिल

सिद्धारामला चौकीवर नेलं. बुधल्या जप्त. त्याची बायको बसम्मा दुकानाच्या फळीवर बसून होती. मी समोरून गेलो, तिनं तोंड फिरवलं नाही. उलट बघत राहिली. मी चालण्याचा वेग वाढवला, हे इथं लिहून ठेवतो.

५ एप्रिल

सोडलं त्याला. पण दुकानाला टाळं. वसाहतीत कुणी त्याच्याकडं सायकल नेत नाही. गुरम्मा म्हणाली, "झाडाला विष घालनारा मानसाला बी घालंल." लोकांना झाडांबद्दल इतकी माया वाटते हे बघून बरं वाटलं.

१४ एप्रिल

नागव्वा गेली. आठवडाभर ओकाऱ्या चालू होत्या, अंगाला फोड. डॉक्टर म्हणाले, वय झालं, त्यात हा उन्हाळा. मी तिरडीबरोबर गेलो. गुरम्मा रडत नव्हती. म्हणाली, "शेवटपत्तुर पानीच मागत व्हती. म्या घागरीला घागर पाजली मास्तर. तुमच्यामुळं तिला तहानलेलं मरावं लागलं न्हाय."

मला भरून आलं.

२७ एप्रिल

सिद्धाराम सुटून आल्यापासून त्याच्यावर मी स्वतः नजर ठेवून आहे. तो घराबाहेर पडत नाही. तरी झाडं मरतच आहेत. एकशे चाळीसपैकी आता चव्वेचाळीस उरली. त्याचे कुणी हस्तक असतील काय? येडूचाही संशय येऊन गेला. त्याला विचारलं तर तो बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी गाडी हाकतो मास्तर. मला इचारून काय उपेग. बैलाला इचारा." अडाणी माणसाचं हे असं कोड्यातलं बोलणं.

एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं. सिद्धारामच्या दारातला निंब ठणठणीत आहे, नवी पालवीसुद्धा फुटली आहे. रस्ताभर सगळं जळत असताना ते एकच झाड. चोराच्या घरी चोरी होत नाही म्हणतात, त्यातला प्रकार. हिंदुरावांना हा पुरावाही कळवला.

९ मे

वसाहतीत पोटाचा आजार पसरलाय. नाक्याकडच्या घरांत नाही, फक्त टोकाच्या दोन ओळींत. डॉक्टर पाणी भरपूर प्या म्हणतात. बायकांनी घागरी वाढवून मागितल्या, मी वाढवून दिल्या. तसंही झाडं कमी झाल्यामुळं पाणी उरतं.

मलाही अन्न जात नाही. पण या वयात उन्हाळा सोसत नाही हे खरंच.

१६ मे

आज बसम्माशी बोललो. बोलायचं नव्हतं. उन्हात चालताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी त्यांच्या दुकानाच्या फळीवर टेकलो. डोक्यावर त्या निंबाची सावली होती. ती दुकानामागच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तोंड धुतलं, प्यालो.

तिला म्हणालो, तुमचं झाड चांगलं आलंय. मला टोचून बोलायचं होतं, पण तसं बोलणं जमलं नाही.

ती म्हणाली, "तुमी पानी बंद केलं तवा ह्येनी म्हनले, वाळलं तर मास्तर माझ्यावर घालतील, आपनच घालू. दिवसाआड नळ येतो. त्यातली एक बादली घालतो. आमच्या पोटचं काढून."

"नळाचं?"

"मग अजून कुटलं? आमाला तुमचं पानी कोन देतंय."

मी उठलो आणि चालायला लागलो. तांब्या हातातच राहिला होता. परत जाऊन दिला.

१७ मे

काल वहीत पुढं लिहिता आलं नाही. आज वही पहिल्या पानापासून वाचली.

एकशे चाळीस झाडं. एकशे एकोणचाळीसांना विहिरीचं पाणी. एकाला मार्चपासून नाही. फेऱ्या वाढवल्या त्या आठवड्यात सगळ्यात जास्त मेली. दुष्काळात न उतरणारी विहीर, आणि शेजारी कधी न भरणारा खड्डा. मुलांना मी तीस वर्षं त्रैराशिक शिकवलं, त्यातलं सोप्यातलं सोपं उदाहरण असतं तसं हे होतं, आणि माझ्याच अक्षरात माझ्यासमोर पडून होतं. येडूचे बैल पहिल्या दिवशी शिकले.

नागव्वा. "घागरीला घागर पाजली."

मथुरेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही इतके आनंदात होता."

१९ मे

बाटलीत पाणी भरून हिंदुरावांकडं गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली. चहा मागवला.

"मास्तर, मी पाणी कशासाठी दिलं होतं?"

"झाडांसाठी."

"इतिवृत्तात काय लिहिलंय? तुमचंच अक्षर आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. अट कोतेपणाची नव्हती.

"बायकांना पाणी मी दिलं नाही, तुम्ही दिलं. मला न विचारता. आणि झाडं ॲसिडनं मेली, तेही तुमच्या सहीनिशी चौकीत आहे." आवाज चढला नाही. एखाद्या पोराला समजावून सांगावं तसे बोलत होते. "आज एकदम विहीर बंद केली तर लोक विचारतील, का बंद केली. चालू राहू द्या. पाऊस लागला की सगळ्यांना आपापलं पाणी मिळेल. मग कुणाला आठवतंय?"

मी म्हणालो, पावसाला महिना आहे. माणसं मरतील.

"उन्हाळ्यात मरतातच," ते म्हणाले. "चहा घ्या."

चहा घेतला नाही. एवढंच मला करता आलं.

२२ मे

चौकीत जाऊन तक्रार मागं घेतली. जमादार म्हणाला, "म्हणजे खोटी दिली होती?" मी म्हणालो, चुकीची दिली होती. तो म्हणाला, आमच्याकडं दोन्ही एकच. तरी जबाब लिहून घेतला. विहिरीचं काही लिहून घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, तपासणीचा कागद आणा.

बाटली डॉक्टरांकडं दिली. ती पुण्याला जाईल, उत्तर यायला महिना.

तिथून सिद्धारामच्या घरी गेलो. तो जमिनीवर बसून सायकलचं चाक सरळ करत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं चाक फिरवून पाहिलं, एक तार आवळली, पुन्हा फिरवलं.

"जबाब लिवला ना? बास," म्हणाला. "माफी मागू नका मास्तर. मला द्यायला जमायचं न्हाय."

२८ मे

गुरम्माला सांगितलं. तिच्या घरी जाऊन, एकटीला. आधी तिलाच सांगायला हवं होतं, अकरा दिवस मी उशीर केला. भीती वाटत होती.

ती ऐकत होती. मग विचारलं, "म्हंजी माज्या हातानं?"

"नाही. माझ्या."

"पाजत मी व्हते की."

मग ती उठली, कोपऱ्यातल्या दोन घागरी एकेक करून दारात नेल्या आणि रस्त्यावर ओतल्या. सावकाश, थेंब संपेपर्यंत. शेजारणी बघायला आल्या. तिनं त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, दोनच वाक्यं. मला कळली नाहीत. कुणीच माझ्याकडं पाहिलं नाही.

बसम्मानं तिला नळाची एक बादली द्यायचं कबूल केलंय, दिवसाआड. एका घराला पुरेल. टोकाच्या दोन ओळींत एकतीस घरं आहेत.

२ जून

मंडळाचं पत्र आलं. प्रकृतीच्या कारणास्तव मला कामातून मोकळं केलं आहे, सेवेबद्दल आभार. प्रकृतीचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, मी तर बरा आहे. वजन थोडं उतरलंय, आणि नाकाचं रक्त थांबायला हल्ली वेळ लागतो, पण जून निघाला की उन्हाचा त्रास संपेल. येडूनंही गाडी सोडली. "बैल पियाचे न्हाईत ते मी मानसाला देनार न्हाय," म्हणाला, आणि बैल घेऊन सांगोल्याकडं निघून गेला.

नवा गाडीवान, नवे बैल. गाडी रोज येते. उरलेल्या झाडांसाठी म्हणे. उरली आहेत नऊ.

४ जून

सकाळी वसाहतीच्या टोकाला उभा राहिलो आणि येईल त्या बाईला सांगितलं. काही ऐकून परत गेल्या. काहींनी विचारलं, मग कुठलं पिऊ? कचेरीत अर्ज दिलाय, टँकर येईल, असं म्हणालो. अर्ज दिलाय हे खरं आहे. एकजण म्हणाली, "फेब्रुवारीत म्हनला चांगलं हाय, आता म्हनता वाईट हाय. तुमी नक्की कोन, देनारे का काडून घेनारे?"

संध्याकाळी आणखी एक मयत. दुसऱ्या ओळीतला माग चालवणारा माणूस, चाळिशीचा. मी स्मशानात गेलो नाही. जायला हवं होतं.

६ जून

टँकर आला नाही. पुण्याचं उत्तर नाही.

आज गाडी आली तेव्हा मी पुढं होऊन तोटीवर हात ठेवला. गाडीवान नवा, त्यानं मला हटकलं नाही, बिडी पेटवून बाजूला झाला. चौदा बायका होत्या. परवा परत गेलेल्याही त्यांत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. नागव्वाचं नाव घेतलं, परवा गेलेल्या माणसाचं घेतलं. पाण्यात विष आहे, मीच तुम्हाला ते तीन महिने दिलं, असं म्हणालो. माझं बोलणं संपलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

मग पुढच्या बाईनं घागर खाली ठेवली. तिचं नाव मला माहीत नाही. कडेवर लेकरू होतं, त्याचे ओठ फुटले होते.

"खरं असंल मास्तर," ती म्हणाली. "पन कालपास्नं घरात थेंब न्हाय."

मी हात काढला नाही. तिनं तो मनगटाला धरून बाजूला केला. तिला जोर लावावा लागला नाही.

घागर भरेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग दुसरी पुढं आली.